बारके ठिपके

प्रिय ठमाबाई,

तुझं चार ओळींचं पत्र मिळालं. त्यातल्या तीन ओळी माझ्या गुडघ्यांच्या चौकशीत घालवल्यास. गुडघे जागेवर आहेत. चौथ्या ओळीत "गुरुवारी समितीपुढे जायचंय, बघू काय होतं" हे वाचलं आणि माझं डोकं मात्र जागेवर राहिलं नाही. बघू काय होतं म्हणजे? पाच वर्षं त्या प्रयोगशाळेत राबलीस, यीस्टच्या एका जनुकाचा पिच्छा पुरवून त्याचं काम शोधून काढलंस. आणि आता तुझे गाइड म्हणतात, निष्कर्ष मागे घे, फ्रीझरमधल्या ज्या जुन्या कुपीवर तुझं काम उभं आहे, तिच्यावरचं लेबलच चुकीचं असणार. ते लेबल माझ्या हातचं आहे, बाई, मी त्याच प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होते तेव्हाचं. कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी पट्टीने बोटं झोडून वळवलेलं अक्षर आहे ते. माझा सात आजवर कुणाला एक वाटलेला नाही.

तुझे गाइड तेव्हा मोठ्या सरांचे, म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुखांचे, विद्यार्थी होते. आम्ही तंत्रज्ञ बायका त्यांना होयबा म्हणायचो. सरांनी खिडकीबाहेर बघून "ऊन आहे" म्हटलं, की हे छत्री मिटायचे, मग बाहेर पाऊस का असेना. सरांनी ते जनुक यीस्टमधून काढून टाकलं आणि जाहीर केलं की काही फरक पडत नाही, जनुक निरुपयोगी. फरक कसा पडेल? प्लेटवर वाढलेल्या यीस्टचे दोन तऱ्हेचे ठिपके यायचे, टपोरे आणि बारके. सर टूथपिक घेऊन यायचे आणि टोमॅटो निवडावेत तसे टपोरेच उचलायचे. त्या टपोऱ्यांनी आपल्यात दुसराच काही बदल करून उणीव भरून काढलेली होती. जनुक गेल्याचा खरा फटका बसला होता तो बारक्यांना.

पुढचं तुला पाठ आहे, तरी माझ्याकडून ऐक, कारण मी ते कधी कुणाला पूर्ण सांगितलेलं नाही. मी बारके ठिपके वेगळे वाढवले आणि साखर तोडली. साधं यीस्ट साखर संपली की शहाण्यासारखं थांबतं. वाढ बंद करतं, कवच जाड करतं आणि वाट बघत बसतं. बारके थांबेनात. रिकाम्या पोटी एकाचे दोन होत राहिले आणि चौथ्या दिवशी सगळे मेलेले. त्या जनुकापासून बनणारं कायनेज हे प्रथिन इतर प्रथिनांना फॉस्फेट चिकटवून सांगत असणार, की बाबांनो, आता आवरा. ते सांगणारंच कुणी उरलं नव्हतं. मी धावत सरांकडे गेले. ते म्हणाले, "बाई, तुम्ही प्लेटा ओता. विचार करायला आम्ही आहोत." होयबा हसला. त्याचं ते हसणं अजून माझ्या कानात आहे.

तुझी आई सगळ्यांना सांगत फिरते, की आमच्या ताईने तेव्हा सरांना चांगलं फैलावर घेतलं. ठमे, मी काहीही घेतलं नाही. सरांनी कागद पुढे केला, "बारके ठिपके म्हणजे बाहेरून आलेली घाण, चूक तंत्रज्ञाची", आणि मी सही केली. पुढच्याच महिन्यात मी नोकरीत कायम झाले. घरी आल्यावर सरांना झाडल्याचं तुझ्या आईला जे सांगितलं, ते मला खरं तर सरांच्या तोंडावर बोलायचं होतं. एवढंच केलं, की फेकून दे म्हटलेल्या बारक्यांची एक कुपी फ्रीझरच्या तळाशी ठेवली आणि माझ्या वहीतलं त्यांच्या नोंदींचं पान फाडलं नाही. एका रेघेने खोडलं. खालचं सगळं वाचता येतं.

ज्यांना खरंच शंका आहे, त्यांच्यासाठी उपाय सोपा आहे. जनुक नव्याने काढ, यावेळी बारके उचल, सगळ्यांसमोर उपाशी ठेव. तीन आठवड्यांचं काम. होयबाला ते नको आहे, यातच काय ते समज. त्याला शंका नाही, जुनं सगळं उघडं पडण्याची भीती आहे.

काल त्याचा फोन आला. फार गोड बोलला. म्हणाला, बाई, दोन ओळी लिहून द्या, "लेबल लावताना माझी चूक झाली असेल". म्हणजे मुलीवर ठपका येणार नाही, तिची पदवी वेळेवर होईल, आणि तुम्हाला आता काय फरक पडतो? तेवढ्यात त्याच्या मागे कुणीतरी खोकलं. तो खोकला मी तू दोन वर्षांची असल्यापासून ओळखते. तू तिथे उभी होतीस आणि काही बोलली नाहीस. मी रागावलेले नाही. त्याच खोलीत मीही गप्पच उभी होते. पण मी नाही म्हटलं. आज सकाळी माझ्याकडची ती वही समितीकडे पाठवली, सोबत त्या जुन्या सहीची कबुलीही. यामुळे चौकशी लागेल, तुझी पदवी लांबेल, कदाचित जाईलही. हे सगळं गुरुवारी त्यांच्या तोंडून तुला कळू नये, म्हणून हे पत्र. तुला माझ्यावर चिडायचं असेल तर खुशाल चीड, मी समितीच्या दाराबाहेरच्या बाकावर बसलेली असेन. आत गेल्यावर काय बोलायचं ते तुझं तू ठरव. फक्त माझ्या वतीने "मावशीची चूक झाली असेल" असं म्हणू नकोस. मी अजून जिवंत आहे आणि माझं मी बोलणार आहे.

तुझीच, यावेळी सही न करणारी,
मावशी