मुख्याध्यापकांची सौना आणि शाळेचे संगणक

तांपेरे, ऑक्टोबर

प्रिय बाबा,

मी खुशाल आहे, वेळेवर जेवते, लोकरीचे मोजे घालते. आईची पाठ कशी आहे?

मी शिकवते त्या शाळेतले संगणक धडधाकट आहेत. पण त्यांवरची विकतची प्रणाली जिची, त्या कंपनीने हात वर केलेत. नवी प्रणाली हवी तर यंत्रंही नवी घ्या म्हणे! मी म्हटलं, शनिवारी तालकोत करू. गावात सगळे मिळून छप्पर घालतात, तसं सगळे मिळून लिनक्स चढवू, जगभरच्या हौशी लोकांनी लिहिलेली फुकटची प्रणाली. सूप मी करते.

मुख्याध्यापक कौपिनेन हसले. "अगं हिल्ला, फुकटच्या वस्तूला किंमत नसते. हौशी पोरांचे खेळ ते!"

स्वतःच्या घरात भाडं भरून राहायचं आणि वर मालकाचे गोडवे गायचे, अशातला हा माणूस. मी कॉफीच्या टेबलावर सगळ्यांदेखत विचारलं, "मग तुमची तळ्याकाठची सौना, ते वाफेचं न्हाणीघर, कुणी बांधली?"

"आम्ही! तेही फुकटात!" व्यायामशिक्षक वेइक्को ओरडला. "मी छपरावरून पडता पडता वाचलो, आणि यांनी करपलेले सॉसेज खाऊ घातले!"

सगळे खो खो हसले. कौपिनेन कॉफी टाकून उठले.

शनिवारी एकूण एक शिक्षक आले. तालकोतला नाही म्हणायची छाती कुणाची आहे? आले नाहीत ते फक्त कौपिनेन. आता मुलं त्याच संगणकांवर शिकताहेत, आणि हे महाशय दारातून नाक मुरडून जातात.

वसंतात माझं कंत्राट वाढवायचं की नाही, हे तेच ठरवणार आहेत. एवढं वाक्य सोडून बाकीचं पत्र आईला वाचून दाखवा.

तुमचीच हट्टी,
हिल्ला