चंबूतल्या चांदण्या

२ तारीख, सोमवार
लागली एकदाची नोकरी! पाण्यातला पारा ओळखायचा म्हणून सरांना सोन्याचे नॅनोकण हवेत, काडीच्या आकाराचे. माझ्याआधी हे काम ताई करायच्या. सहा महिन्यांपूर्वी आजारपणात गेल्या. टेबल त्यांचंच मिळालं. प्रयोगशाळा सांभाळणारे मामा दोनदा बजावून गेले, की प्रत्येक चंबू अम्लराजानेच, म्हणजे सोनंही विरघळवणाऱ्या आम्लानेच धुवायचा, नाहीतर काचेला चिकटलेल्या जुन्या सोन्यावरच नवे कण वाढतात. ताईंचा चंबू तर लख्ख होता. त्या आम्लाच्या वाफेत कोण नाक खुपसणार? पाण्याने विसळला आणि मोकळी झाले.

५, गुरुवार
करायला गेले काड्या, झाल्या चांदण्या! द्रावण निळंशार. पारा भेटला की चांदण्यांची टोकं झिजतात आणि ते लाल होतं. मामांचा चेहरा पडला. म्हणाले, या फक्त ताईंना जमायच्या, आणि कृती त्यांनी सरांनाही दिली नव्हती. सर मात्र हरखले. लेखावर पहिलं नाव माझं घालणार आहेत. मी हवेत!

१०, मंगळवार
सर टेबलाशी आले की द्रावण लाल. गेले की निळं. असं होत नाही. एकदा लाल झालेलं परतत नाही.
मामा म्हणाले, शेवटी शेवटी ताईंचे हात थरथरायचे, चहा मात्र सर स्वतः करून द्यायचे. त्यांचा कप अजून कपाटात आहे, तळाशी चहा वाळलेला. त्यात द्रावणाचे चार थेंब टाकले. लाल.
मामा म्हणाले, आत्ताच पोलिसांकडे जाऊ. मी म्हटलं, लेख तर छापून येऊ दे. ते गेल्यावर कप धुतला. अम्लराजाने, अगदी नीट.

१२
सर दवाखान्यात. हात थरथरतायत, वाचा बसली आहे.

१३
सर गेले. डॉक्टर चक्रावलेत म्हणे. लक्षणं पाऱ्याच्या विषबाधेची, पण रक्तात पारा नाहीच, सोनं आहे. बरं झालं मेला! ताईंचा सूड पुरा झाला. चंबू फोडून टाकला.

१६
नवा चंबू. अम्लराजाने तीनदा धुतला. काड्या करायला घेतल्या — चांदण्याच.
लाल.
खोलीत मी एकटीच आहे.
पण मी काय केलं? मी तर फक्त —

१७
बोटांना पेन कळत नाही. तोंडात धातूची चव —
सांगते. मामांना, पोलिसांना, सगळ्यांना. कप मी धुतला. मीच. ताई, पहिलं नाव तुमचं, माझं खोडते, हे बघा, खोड