अर्ध्या तासाची मम्मी

बोरगाव मेघे, वर्धा
१९ मार्च १९७८

ती. शरयूताईस,
मधूचा सा. न. वि. वि.

इकडे सगळे बरे आहेत. कुंदाला सहावं लागलं तेव्हापासून घरात एकच विषय, पोरीला शाळा कोणती? जिल्हा परिषदेची शाळा दारात आहे. पण माझं मन बसलंय वर्ध्याच्या सिस्टरांच्या कॉन्व्हेंटवर. ऑफिसातल्या भैयाजींचा नातू तिथे जातो. परवा तो घरी आला, गुड मॉर्निंग म्हणून खुर्चीवर असा ऐटीत बसला की मीच उभा राहिलो! जिल्हा परिषदेचा कारकून आणि मुलगी मिशनच्या शाळेत, म्हणून तू हसशील. हस खुशाल. पण साहेबापुढे इंग्रजीचं एक वाक्य बोलायचं तर मला घाम फुटतो. माझ्या पोरीचं तसं व्हायला नको.

अडचण अशी की सात एप्रिलला मुलाखत आहे आणि आईवडील दोघांनाही बोलावतात. तिथल्या मोठ्या बाईंना मदर म्हणतात. भैयाजींचं म्हणणं, त्या आईशी इंग्रजीतच बोलतात. इंदिरा पडली सातवी पास. म्हणून मी एक तोड काढली आहे. तू बी. ए. झालेली, तूच आई म्हणून माझ्या बाजूला बस. अर्ध्या तासाचा तर मामला! तिथे आपल्याला ओळखतो कोण? तुला मम्मी म्हणायचं, हे मी कुंदाला शिकवून राह्यलो आहे. इंदिरेला सांगितलं, ती काही बोलली नाही.

नाही म्हणू नकोस. तुझ्या होकाराकडे डोळे लावून बसलेला,
मधू

नाचणगाव
२३ मार्च १९७८

चि. मधूस अनेक आशीर्वाद.

वा रे पठ्ठ्या! आमच्या शाळांच्या फायली सांभाळणारा माणूस स्वतःची लेक सिस्टरांकडे घालतो आणि वर आमच्याच शाळेच्या मास्तरणीला मदतीला बोलावतो. थोडं लागलं मनाला, खोटं कशाला बोलू? माझ्या वर्गात पहिली-दुसरी एकत्र बसते, पाढे चालू असताना बकरी आत येते, तरी माझी पोरं वाचायला शिकतात बरं!

पण तुझ्या पत्रापासून मला त्या शाळेचं भारी कुतूहल लागलंय. तिथे पोरं बाकावर बसतात की खाली? छडी आहे का? प्रार्थना कोणाची? रडणाऱ्या पोराला त्या कोणत्या भाषेत समजावतात? सगळं पाहून मला लिही.

मी येते. खरं सांगू? मला स्वतःलाच यावंसं वाटतंय. माझं लग्न राह्यलं ते राह्यलंच. अर्धा तास का होईना, एक लेकरू मला मम्मी म्हणेल, या विचारानेच काल भाजी करपली. हसू नकोस. मात्र इंदिरा काही बोलली नाही म्हणजे काय, हे तिला नीट विचार.

माया आहेच, ती पत्रात किती लिहू?
तुझी ताई

बोरगाव मेघे
३० मार्च १९७८

ती. शरयूताईंच्या पायाशी इंदिराचा नमस्कार.

माझं अक्षर वाईट आहे, सांभाळून घ्या. तुमचे भाऊ म्हनते मी काई बोलली नाई. बोलू काय? हे सांजीले कुंदाले समोर बसवते आन् घोकवून घेते, मम्मी कोन, तर नाचणगावची आत्या. मी तिथंच भाकरी थापून राह्यली असते. आधी मलेही हसू आलं. पन रविवारी पोरगी अंगनात पडली, गुडघा फुटला, रडत माह्याकडं धावली आन् मधातच थांबली. मले विचारते, इथं आई म्हनू का मम्मी? ताई, मी तिले उचलून पोटाशी धरलं.

मंग मी म्हटलं, असं काय आहे त्या शाळेत जिथं मी चालत नाई, ते पाहून तर येऊ. शेजारच्या यशोदाबाईले घेऊन मंगळवारी गेली. झाडाखाली एक तरुन सिस्टर पोरायचे डबे उघडून देत होती. केरळची आहे, मराठी मोडकी बोलते. मी तिले सारं विचारलं. घरी जाता का, डोक्याचं फडकं कवा काढता, आई आठवते का! ती लय हासली. म्हने तिच्या आईलेही इंग्रजी येत नाई. आईले इंग्रजी नसलं तर पोरीले घेता का, हेही विचारलं. ते मदर ठरवते म्हने, तिले मालूम नाई.

ताई, शाळा मले आवडली. पोरं मोकळी दिसली. कुंदा तिथं शिकली तर मले आनंदच आहे. पन आई म्हनून मीच बसीन. नाई घेतलं तर दारातली शाळा काय वाईट आहे? तुमी परक्या नाई, राग धरू नोका. पन हे मी कोनालेच देऊ शकत नाई.

जवा याल तवा हे घर तुमचंच.
इंदिरा

नाचणगाव
३ एप्रिल १९७८

चि. सौ. इंदिरेस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मी रडले आणि मग स्वतःवरच चिडले. दिवसभर लेकरांत असते मी, हे मला आधी कळायला नको होतं का? राग कसला गं! तू बोललीस, बरं केलंस. मधूला वेगळं पत्र टाकते आहे, त्यात चांगला कान पिळला आहे. सात तारखेला मी येत नाही. मला पाहून पोर अजून गोंधळेल. तू ताठ बस, आणि समजलं नाही तर समजलं नाही म्हणून सांग.

मनाने तिथेच असलेली,
ताई

बोरगाव मेघे
८ एप्रिल १९७८

ती. ताईस,
मधूचा सा. न. वि. वि.

कान अजून दुखतोय. काल आम्ही तिघं गेलो. मदरनी इंग्रजीत एक प्रश्न विचारला. इंदिरेने सरळ सांगितलं की मला इंग्रजी येत नाही. मी खाली पाहिलं. तर त्या बाई झटकन हिंदीवर आल्या! मग दोघींचं असं रंगलं की मी नुसता ऐकत बसलो. इंदिरेने तुझाही प्रश्न विचारून घेतला. रडणारं पोर ज्या भाषेत रडतं त्याच भाषेत आम्ही समजावतो, नाही आली तर कडेवर घेतो, असं मदर म्हणाल्या. भैयाजींना आता काय म्हणू?

मग मदरनी कुंदाला जवळ बोलावलं आणि इंदिरेकडे बोट करून विचारलं, ही कोण? ताई, पोरीने फ्रॉकचं टोक मुठीत धरलं. आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहत राहिली. पुन्हा विचारलं तरी तोंड उघडेना. मदर म्हणाल्या की मुलगी भ्यायली आहे, जागा आहे, सोमवारी परत आणा. सोमवारी इंदिरा एकटीच तिला घेऊन जाणार आहे. मी ऑफिसात बसायचं, असा हुकूम आहे, आणि तो बरोबर आहे.

फाटकाबाहेर आलो. कुंदाला सायकलच्या दांडीवर बसवत होतो, तेव्हा तिने माझ्या कानाशी तोंड आणलं आणि हळूच विचारलं, बाबा, आता आईला आई म्हटलं तर चालते का?

तुझाच, पण आज मान खाली घालून,
मधू