सोफा वाचला, घोंगडी गेली

चि. सुग्रीव यास वडीगोद्रीहून कारभारीमामाचा आशीर्वाद (नात्यानं द्यावा लागतो म्हणून, मनातून नाही). तुझी आणि सत्यशीलेची तब्येत बरी असेल. तुमचा सोफाही खुशाल असेल. फोनवर दोन शब्द कडक बोललो की तू कट करतोस, म्हणून हे पत्र. पूर्ण वाच.

सूनबाईच्या सोफ्यावर केस पडतात म्हणून तू सुलतानला आठ दिवसांसाठी इथं सोडलंस, त्याला तीन महिने झाले. "मामा, हे परदेशातलं मेंढरं राखणारं कुत्रं हाये," म्हणून छाती फुगवून गेलास. अरे, पहिल्याच दिवशी एका मेंढीनं नुसतं बघितलं, तर ते माझ्या खाटेखाली शिरलं! आणि केस? भाकरीत केस, चहात केस, पटक्यात केस. आमचे व्याही पुंजाराम पांढरं धोतर नेसून आले आणि काळं नेसून गेले.

त्यात तुझी मामी म्हणाली, "मेंढरं कातरूनच राह्यले, तर यालाबी घ्या की ओळीत." मला बिलकुल पटलं. (चाळीस वर्षं कातरतोय, एकीला ओरखडा नाही.) पाय बांधले, आडवं केलं, कातर चालवली. शेपटीचा गोंडा तेवढा ठेवला. केस लोकरीत मिसळले, ते निवडण्यात मामीचे दोन दिवस गेले आणि दोन्ही दिवस शिव्या मला (कल्पना तिची!).

मग उन्हानं त्याचं अंग लाल झालं. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी चारचौघांत झापलं, "काका, मेंढी आहे का ही? हेच केस ऊन अडवतात. कातरायचं नसतं, रोज विंचरायचं असतं!" हे सांगायला तुझी जीभ झडली होती का? शेवटी माझी नवी घोंगडी कापून त्याला झूल शिवली. आता तो ती घालून कळपापुढे चालतो आणि मेंढ्या, निर्लज्ज, त्याच्यामागं जातात.

आणि काल तुझा निरोप आला, रविवारी येतो, कुत्रं मित्राच्या फार्महाऊसवर देऊन टाकतो. वा रे वा! तीन महिने ढुंकून पाहिलं नाहीस. संतापानं मला जेवण गेलं नाही.

तुझा मामा,
कारभारी

ता. क. केस पूर्ण यायला वर्ष लागेल, असं डॉक्टरीणबाई म्हणतात. त्याआधी त्याला हलवायचं नाही. (हे शेवटचं वाक्य माझं आहे.)

ता. क. २. त्याला विंचरायचा तो लोखंडी दातांचा ब्रश तुझ्याकडंच राहिला. जल्दी पार्सलनं पाठव. तू स्वतः येऊ नकोस.