पहिली मूठ

मंगळवार, ४ नोव्हेंबर २०२५

सकाळी पालघर स्टेशनला उतरले आणि जेवणाच्या वेळेला जवळच्या माहीम गावातल्या खोलीत ट्रंक उघडून बसलेसुद्धा. पोफळीच्या वाडीतलं स्वच्छ घर. मालक आत्माराम आणि त्यांची बायको रखमा पलीकडच्या खोल्यांत राहतात. रखमाने माशाचं कालवण दिलं आणि बासष्टाव्या वर्षी एकटीने नोकरीला येणारी बाई म्हणून माझ्याकडे जरा वेळ बघत राहिली.

काम मनाजोगं आहे. एकतीस वर्षं मुलींच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत दगड तपासायला शिकवलं, आता खऱ्या तेलविहिरीवर दगडांचे नमुने सांभाळायचे. विहीर इथून तीन किलोमीटरवर, केळव्याच्या वाटेला. या किनाऱ्याच्या काळ्या कातळाखाली जुने वाळूचे थर असावेत आणि त्यांत तेल, असा अंदाज आहे. आत्माराम म्हणाले, तेल लागलं तर निदान त्यांच्या रहाटाचं कुरकुरणं थांबेल. मी हसले नाही. रॉकेलच्या रांगेत उभं राहून मी बी.एस्सी.चा अभ्यास केला आहे. देशाने तेलासाठी किती दिवस दुसऱ्यांच्या दारात उभं राहायचं?

गुरुवार, ६ नोव्हेंबर

खोदाई सुरू झाली. विहिरीतून मड, म्हणजे खोदाईचा पातळ चिखल, वर येतो. तो चाळणीवर पडतो, दगडाचा चुरा वर राहतो. दर तीन मीटरला तो चुरा घ्यायचा, धुवायचा, वाळवायचा, पाकिटात भरून खोली, वेळ आणि सही घालायची. सही माझी, माझ्या जुन्या शाईच्या पेनाने. बी.एस्सी. झाल्यावर वडिलांनी दिलेलं. एकदा हातातून पडलं, तेव्हापासून निबचं टोक डावीकडे वाकलेलं आहे. दुसऱ्या पेनाने मला लिहिता येत नाही.

धुण्याच्या कामाला नवसी आहे, जव्हारकडची. तिचा नवरा जिवल्या खोदयंत्रावर. पहिला चुरा आला तसा तिने मूठभर उचलला आणि पुन्हा भोकात टाकायला निघाली. मी हात धरला. तिच्या गावात विहीर खणताना पहिली मूठ जमिनीला परत देतात म्हणे. मी सांगितलं, इथला कण न् कण नोंदवायचा असतो. ती भांडली नाही. मूठ माझ्या ताटलीत सोडत एवढंच म्हणाली, “नाय दिली तं ती आपल्या हातानं घेते, बाय.”

पाकीट क्रमांक १ वर ‘तातडीचे’ शिक्का मारून बोईसरच्या गोदामात पाठवलं. संध्याकाळी रखमालाही हे सांगितलं. सुपारी कातरणारा तिचा हात थांबला. वाडीतली विहीर खणली तेव्हा त्यांनीही मूठ दिली होती.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

२९० मीटर. काळा कातळ, मधूनमधून तांबडा पट्टा. सकाळी ११.२० च्या नमुन्यात हिरव्या काचेचा तुकडा. नवसीला खडसावलं, बांगड्या घालून धुऊ नकोस. तिने दोन्ही हात पुढे केले. एकही बांगडी फुटलेली नव्हती. तुकडा वरून मडमध्ये पडला असणार. ‘भेसळ’ अशी नोंद केली.

शनिवार, १५ नोव्हेंबर

नळाच्या कडेवर हात आपटून नवसीची एक बांगडी फुटली. माझ्या डोळ्यांदेखत. घड्याळात ११.२०. तुकडे मी स्वतः वेचून जोडले. एक कमी. परवाच्या पाकिटातला तुकडा आणून लावला.

बसला.

गुरुवार, २० नोव्हेंबर

६१० मीटर. दुपारी २.०५ च्या नमुन्यात तांब्याचं वळं, चेपून चपटं झालेलं. सोबत एक पांढरा कण. या कातळाच्या पोकळ्यांत पांढरं खनिज नेहमीच सापडतं, तशीच नोंद केली.

जिवल्याच्या उजव्या करंगळीत असलंच वळं आहे. त्याला बोलावलं. वळं बोटातच होतं. काढून दे म्हटलं तर हसला. “निघत नाय, बाय. लगनात सासऱ्यानं घातलं. बोट कापा तं निघंल.”

काच सापडली त्यानंतर दोन दिवसांनी बांगडी फुटली होती. शनिवारी कामावर येऊ नकोस, असं त्याला बजावलं. कारण सांगितलं नाही. इंजिनिअर सुजीतलाही सांगितलं नाही. काय सांगणार होते? ६१० मीटरवर काय सापडलं ते?

शनिवार, २२ नोव्हेंबर

जिवल्या आला. एक माणूस कमी पडला म्हणून सुजीतने फोन करून बोलावलं. मी चाळणीपाशी होते. दोन वाजले तसं धावत खोदयंत्राच्या मचाणाकडे गेले, ओरडले. यंत्राच्या आवाजात कुणाला काय ऐकू येणार.

२.०५. यंत्राची साखळी आवळली. करंगळी मुळापासून गेली.

बोट शोधायला सहा माणसं वाकली. सापडलं नाही. मला ठाऊक होतं कुठे आहे ते. पाकीट काढून पांढरा कण भिंगाखाली धरला. खनिज नव्हतं. एकतीस वर्षं मुलींना मी हाड आणि दगड यांतला फरक शिकवला.

नवसी नवऱ्यासोबत दवाखान्याच्या गाडीत बसली. माझ्याकडे पाहून तिने गाडीचं दार ओढून घेतलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मंगळवार, २५ नोव्हेंबर

८३० मीटर. कातळ संपला. वाळूचा दगड. दिव्याखाली चुरा सोनेरी चमकला, वास रॉकेलचा. तेल आहे. मचाणावर पेढे वाटले. सुजीत पाया पडला माझ्या.

त्याच नमुन्यात, दुपारी ४.१० —

निब. टोक डावीकडे वाकलेलं.

माझं पेन माझ्या हातात आहे. याच पेनाने हे लिहिते आहे.

सुजीतला सगळं सांगितलं. पाकिटं समोर ठेवली. तो चिडला नाही. म्हणाला, “मॅडम, चाळीस वर्षं शोधल्यावर या किनाऱ्याला तेल लागतंय. बांगडीसाठी विहीर बंद करू?” मी जिवल्याचं नाव घेतलं. त्याने मान खाली घातली, पण यंत्र चालूच राहिलं.

बुधवार, २६ नोव्हेंबर

पहिली मूठ परत द्यायची. बोईसरला गेले. गोदामातल्या कमलेशने वही दाखवली. पाकीट क्रमांक १ आठ तारखेलाच पुढे गेलं. प्रयोगशाळेत दळून, आम्लात विरघळवून तपासलं. तातडीचे होते ना, म्हणाला. शिक्का माझाच.

तिथून नवसीकडे. जिवल्या पट्टी बांधून निजला होता. मी माफी मागितली. नवसीने त्याच्या अंगावरची गोधडी सारखी केली. मग म्हणाली, ती मूठ नसली तर जमीन मागते ते तुझ्या हातानं दे. “घेतलेलं नि दिलेलं येगळं असतं, बाय.”

उद्या ४.१० च्या आत पेन मीच विहिरीत टाकेन.

गुरुवार, २७ नोव्हेंबर

दुपारी ३.१५. निघताना परवाची ताटली पुन्हा तपासली. निबखाली आणखी काही आहे. नखाचा तुकडा. त्यावर शाईचा डाग.

माझ्या तर्जनीच्या नखावर तसाच डाग आहे. रोज असतो.

रखमा जाऊ नको म्हणते. पण घरी बसूनही काही उपयोग नाही — वाडीच्या विहिरीला सकाळपासून रॉकेलचा वास आहे.

३.५०. चाळणीपाशी. वही आणली आहे, नोंद राहावी म्हणून. मड संथ वाहतो आहे. ऊन आहे. माणसं चहाला गेलीत. नवसी आली आहे, लांब उभी आहे.

चूक माझी होती. तिची मूठ मी अडवली. हे लिहून ठेवते. पेन स्वखुशीने देते आहे.

४.०२. मचाणावर. हात विहिरीच्या भोकावर धरला. उघडला.

पेन पडलं नाही.

४.०५. बोटं सुटत नाहीत. डाव्या हाताने ओढून पाहिली — थंड आहेत, तेलकट — माझी वाटत नाहीत. नवसीही ओढते आहे. हात वहीकडे आणला तर येतो. लिहितो. तेवढंच करतो.

४.०८. हात वहीसकट भोकाकडे ओढला जातो आहे. नवसीला म्हटलं, तू सोड. दूर हो. ऐकत नाही. तिने कंबर धरली आहे.

तिच्या बांगड्याही भोकाकडे ओढल्या जाताहेत — नवसी सोड — हा हात मी देते आहे, माझ्या खुशीने, फक्त माझा, हिला नको, हिला