सोडताना की घेताना

बुधवार, दुपारचे अडीच

प्रिय ताई,

नमस्कार. ‘इकडे सर्व क्षेम’ हे पुढचं वाक्य हातानं सवयीनं लिहिलं, मग खोडलं. डाग दिसेलच.

सकाळपासून कानात एकच आवाज आहे. आपल्या जुन्या दोन खोल्या, मधली पातळ भिंत, पलीकडे आई. आणि भिंतीतून येणारी ती बारीक शीळ. एक आखूड, एक लांब. मी पाच वर्षांचा. ‘हे काय गं?’ विचारलं, तर तू म्हणालीस, ‘भिंतीत पाखरू राहतं. गप पाढे म्हण.’ पुढे मास्तरांनी फळ्यावर लघु-गुरु मांडले, तेव्हा मला वाटलं, हे तर मला येतंच! कवितेचं वेड मला त्या पाखरानं लावलं, असं मी पुढे मास्तर झाल्यावर चाळीस वर्षं पोरांना सांगत आलो.

टिकली सोमवारी दवाखान्यातून घरी आली. साडेतीन वर्षांची नात, पण तोंड आजीचं. ‘आबा, सुई मला टोचली, तू का ओरडलास?’

रविवारी मी तुला फोन केला. टिकलीला धाप लागली, दवाखान्यात ठेवलंय, एवढंच म्हणालो. तू ताप विचारला नाहीस, काय खाल्लं विचारलं नाहीस. विचारलंस, ‘शीळ वाजते ती श्वास सोडताना की घेताना?’

मी ‘शीळ’ म्हणालोच नव्हतो, ताई.

मग खोदून विचारल्यावर पासष्ट वर्षांनी तुझ्या तोंडून निघालं. आईला दमा होता. तुलाही आहे, विशी-बाविशीपासून. ‘ह्यांना ठाऊक नाही. आईचंही बोलू नकोस, एकातून दुसरं निघेल. शपथ आहे.’ आणि मी, शहाण्यानं, हो म्हटलं.

दमेकऱ्याच्या घरात सोयरीक कोण करील, ही आईची भीती मला समजते. पण तुझ्या लग्नाला बावन्न वर्षं झाली. त्यानंतर तरी? निदान मला तरी?

वर्षभरात टिकलीच्या डॉक्टरीणबाईंनी दोनदा विचारलं होतं, ‘घरात कुणाला दमा?’ मी छाती पुढे काढून सांगितलं, ‘सात पिढ्यांत नाही. माझा आवाज शेवटच्या बाकापर्यंत जायचा.’ त्या हसल्या, ‘नाही’ लिहिलं, सर्दीचं औषध दिलं. सोमवारी पुन्हा म्हणाल्या, ‘आजोबा, आठवून बघा. घरात दमा असला म्हणजे मुलाला होतोच असं नाही, पण शक्यता वाढते. एवढ्या लहान पोरीला यंत्रात फुंकायला लावून मोजता येत नाही. घरची माहिती हीच आमची अर्धी तपासणी.’ मी मान खाली घालून म्हणालो, ‘विचारून सांगतो.’

आता जे मुलाला, सुनेलाही सांगितलेलं नाही, ते लिहितो. शनिवारी दुपारी तिच्याजवळ मी एकटाच होतो. तिच्या छातीत शीळ वाजू लागली आणि मी ती ओळखली! फोन उचलायचा सोडून तिला मांडीवर घेतलं. म्हटलं, ‘टिकले, तुझ्यात पाखरू आलं.’ गुडघ्यावर ताल धरला, लघु, गुरु. ती हसलीसुद्धा. मग हसायची थांबली. बरगड्यांमधली कातडी आत ओढली जायला लागली तेव्हा कुठे मी उठलो. पाऊण तास, ताई. पाऊण तास मी मात्रा मोजत होतो.

तुझी थाप मी एवढी जपली, की पोरीला दिली.

परवा, शुक्रवारी, तिला दम्याचा रोजचा पंप सुरू करायचा का ते ठरायचंय. सून म्हणते, ‘घरात कुणालाच नाही, मग साधी सर्दीच असेल. रोज कशाला औषध?’ काल तुझ्याकडे डॉक्टरीणबाईंना फक्त तुझं नाव सांगायची परवानगी मागितली. तू म्हणालीस, ‘या वयात ह्यांच्यापुढे मला खोटी पाडू नकोस,’ आणि फोन ठेवलास.

दारावर कुणीतरी आहे. थांब.

चार वाजलेत. भावजी आलेत. हो, ज्यांच्यापासून बावन्न वर्षं लपवलंस तेच. एकटे, दोन बस बदलून. पाणी प्यायले आणि म्हणाले, ‘रविवारी मी पलीकडच्याच खोलीत होतो. कान म्हातारे झालेत, बहिरे नाहीत.’ खिशातून कागद काढला. तुझ्या औषधांची नावं, कधीपासून, धुळीनं वाढतो, थंडीनं वाढतो. सगळं त्यांच्या अक्षरात. ‘नळ सोडून न्हाणीघरात पंप ओढते. मी पेपर वाचत बसतो. तिला वाटतं मला कळत नाही. वाटू दे. मी आलो होतो हे तिला सांगू नका.’

म्हणजे ज्याला कळलं नाही तो मी एकटाच.

मी त्यांना हो म्हटलेलं नाही. ‘सांगू नको’ला आपल्या घरात कुणीतरी एकदा नाही म्हणायला हवं. हे पत्र त्यांच्याच हाती देतोय, पाकीट न चिकटवता. सून सहाला येते. तिला आधी आईचं आणि तुझं सांगेन. मग शनिवारचं, माझं.

तुझ्यावर फार रागावलेला, तरी तुझाच,
धाकटा