उभा ठेवलेला लव्हाळा

प्रिय धाकट्या,

तुझं पत्र पोचलं. गोदामातलं काम अंगवळणी पडलं हे वाचून बरं वाटलं. जेवणाबद्दल मात्र तू थापा मारतोस, ते कळतं मला.

वस्तीच्या तीन बाजूंना भिंत होतीच, आता चौथीही पूर्ण झाली. बाहेर पडायचं तर तळ्यावरच्या नव्या सोसायटीच्या गेटमधून, आणि पास फक्त सोसायटीत काम करणाऱ्यांना. मी तिथे झाडू मारते म्हणून मला मिळाला. गेटवर आपल्या मामांचा थोरला असतो, डोक्यावर टोपी, गळ्यात शिट्टी. रोज संध्याकाळी मला विचारतो, कोणाकडे जायचंय? मी सांगते, तुझ्या आत्याकडे. दोघंही हसतो, पण पास बघितल्याशिवाय तो सोडत नाही. त्याचंही पोट त्याच गेटवर आहे.

आईला पास नाही. घरात बसून लव्हाळ्याच्या चटया विणणं हे त्यांच्या लेखी कामच नाही.

आपण तळ्यातला लव्हाळा दरवर्षी अर्धाच कापायचो आणि उरलेला पुढच्या वर्षासाठी उभा ठेवायचो. मोजणीवाले आले तेव्हा तू इथे नव्हतास. उभ्या लव्हाळ्याकडे बोट दाखवून त्यांनी आईला विचारलं, हा कोण कापतं? आई ताठ मानेने म्हणाली, त्याला आम्ही विळा लावत नाही. तिला वाटलं, आपण आपली शिस्त सांगतोय. त्यांनी लिहून घेतलं, इथे कोणी काही करत नाही. कापलेली बाजू तर त्यांना मोकळं रानच वाटली. एवढ्यावर तळं गेलं रे आपलं! तिच्या त्या उत्तरामुळे ते गेलं, हे आईला अजून कोणी सांगितलेलं नाही. माझी तर जीभच रेटत नाही.

कापलेल्या बाजूला इमारती झाल्या. उभा लव्हाळा शोभेसाठी कुंपण घालून ठेवलाय, त्याच्याच कडेची वाट मी झाडते. भिंतीवरून त्याचे शेंडे दिसतात. आई दिवसभर तिकडे तोंड करून विळ्याला धार लावत बसते. यंदा त्या बाजूची पाळी आहे, म्हणते. येताना एक भारा आण म्हणून माझ्या मागे लागते. गेटवर पिशवीसुद्धा तपासतात, हे सांगून सांगून मी थकले. परवा तिच्यावर ओरडले, मग मोरीत जाऊन रडले.

शिवणकामाच्या कारखान्यात मला घ्यायला तयार आहेत. राहायला खोली आहे, पण एकटीपुरतीच. मी झाडू सोडला की पास गेला, मग आईला औषधपाणी कोण आणून देणार? जीव गुदमरतो माझा. खरं सांगू? कधी कधी तिचाच राग येतो, आणि मग स्वतःची लाज वाटते.

म्हणून हे लिहितेय. तू तिला तुझ्याकडे बोलावून घे. कायमचं जाणाऱ्याला गेटवर एकदा बाहेर सोडतात. नुसतं ये म्हणालास तर ती हलायची नाही, कापणीची पाळी चुकेल म्हणेल. तिला लिही की तुझ्या खोलीमागे तळं आहे, लव्हाळा माजलाय आणि कापायला माणूस नाही. तिथे ट्रक आणि सिमेंटशिवाय काही नाही, मला ठाऊक आहे. तरी लिही. पत्र तिला मीच वाचून दाखवणार आहे. तेव्हा नीट लिही, वाचताना मलाही खरं वाटेल असं.

उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
तुझीच
ताई